कुत्रं न्यायचंय सोबत? आधी मित्रांना तयार करा

आमच्या लवंगी कुत्रीची आई कारवान जातीची, बाप गोडोलीतला कुणीतरी. दीड महिन्याची घरी आली त्याच दिवशी चपलांच्या रॅकवरून उडी मारून तिनं बाबांच्या चहात पाय बुडवला, म्हणून नाव पडलं लवंगी. लडीतली लवंगी. पुढे कळलं की ही बया सगळ्यात जास्त घाबरते ती फटाक्यांनाच. पण ती गोष्ट दिवाळीपाशी सांगतो.

आम्ही सहा मित्र आणि ती, असे गेली चार वर्षं साताऱ्याच्या आसपास हिंडतोय. तुमच्या घरी नुकतंच असं एखादं दोरी ओढणारं, आल्यागेल्याच्या छातीवर पाय ठेवणारं कुत्रं आलं असेल आणि त्याला घरी कोंडून एकट्यानं भटकायला जिवावर येत असेल, तर पुढचं वाचा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या जेवढ्या सहली बिघडल्या त्यातल्या बहुतेक कुत्र्यामुळे नाही, मित्रांमुळे बिघडल्या. एक जण टेबलाखालून चिकनचं हाड सरकवतो. दुसरा 'सोड की जरा, कुठं जातंय ते' म्हणत पट्टा काढतो. तिसऱ्याला कुत्र्याला बिअर पाजतानाचा व्हिडिओ हवा असतो. त्यामुळे खाली शिकवणीचा जो भाग आहे, त्यातला निम्मा दोन पायांवर चालणाऱ्यांसाठी समजा.

आधी सुई

पिल्लू गोड असतं, मित्रांना ते लगेच पोवई नाक्यावर मिरवायचं असतं. थांबा. पिल्लाचं एकत्रित लसीकरण 6 ते 8 आठवड्यांचं असताना सुरू होतं आणि दर 3-4 आठवड्यांनी डोस देत साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतं. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. शेवटच्या डोसनंतर दोनेक आठवडे जाऊ द्यावेत, मगच रस्त्यावर, बागेत, दुसऱ्या कुत्र्यांत न्यावं. पार्व्हो नावाचा जुलाब-उलट्यांचा आजार जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि न टोचलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. तोवर कडेवर घेऊन फिरवा, गाडीचे आवाज ऐकवा, माणसं दाखवा. ओळख थांबवायची नाही, फक्त पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत.

आपल्याकडचा पाऊस बघता लेप्टोची लस चुकवू नका. उंदराच्या लघवीनं दूषित झालेल्या डबक्यातून तो येतो, आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. गोचिडाचं औषधही डॉक्टरांना विचारून नियमित द्या. गोचीडतापानं अशक्त होऊन पडलेली कुत्री पावसाळ्यानंतर दवाखान्यात रोज दिसतात. लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कुणाच्या शेतघरावर राहायला गेलात आणि यजमानाच्या आईनं 'चावत नाय ना?' विचारलं, तर तो फोटो दाखवता येतो. (तिला खरं तर घरात केस पडतील का हे विचारायचं असतं.)

पट्टा

कारवान, पश्मी, मुधोळ यांच्यासारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची मान जाड आणि डोकं निमुळतं. साधा गळपट्टा त्यांच्या डोक्यावरून सुळकन निघतो. आमचा पहिला पट्टा असाच राजवाड्याजवळ निघाला. लवंगी भेळेच्या गाड्यांमधून तीरासारखी गेली आणि आम्ही सहा जण मागे. तेव्हापासून छातीचा हार्नेस, आणि वर एक रुंद मार्टिंगेल पट्टा. मार्टिंगेल म्हणजे ओढलं की थोडा आवळतो, सोडलं की सैल होतो, पण निघत नाही. लॅब किंवा गावठी कुत्र्याला साधा हार्नेस पुरतो. गळ्यात साखळी घालून ओढणाऱ्या कुत्र्याला फिरवू नका. त्याचा श्वासही कोंडतो आणि तुमचा हातही सोलतो. पट्ट्याला नाव आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. किल्ली बनवणारा वीस मिनिटांत कोरून देतो.

मित्रांची शाळा

पहिल्या सहलीआधी मंडळींना घरी चहाला बोलवा. कार्यक्रम एवढाच: दार उघडलं की कुत्र्याकडे कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. ते उड्या मारेल. मारू द्या. पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की मगच डोक्याखालून, हनुवटीपाशी हात. आमच्यातला बुलेटवाला पहिल्या दिवशी 'अले लवंगूऽऽ' करत दारातच खाली बसला आणि त्याचा चष्मा फुटला. उड्या मारल्या की लाड मिळतात हे एकदा शिकलं की ते कुत्रं शेजारच्या आजींवरही तसंच झेपावतं. तिथं गंमत राहत नाही.

दुसरा नियम: खायला एकच माणूस देईल. तिसरा: पट्टा ज्याच्या हातात, त्याच्या हातात मोबाइल नाही. चौथा नियम आम्ही लवंगी हरवल्यावर केला. कुत्रं सुटलं तर कुणी मागे पळायचं नाही. मागे पळालात की त्याला वाटतं खेळ सुरू झाला. उलट दिशेला पळा, आनंदानं हाका मारा, नाहीतर सरळ जमिनीवर बसा आणि पुडीचा आवाज करा. ज्या दिवशी ती भेळेच्या गाड्यांतून पळाली, त्या दिवशी शेवटी ती आली कशी? बँकेतला मित्र दमून पायरीवर बसला आणि त्यानं स्वतःसाठी बिस्किटाचा पुडा फोडला.

तोवर कुत्र्याला तीन शब्द पक्के करा: 'ये', 'सोड', 'थांब'. मराठीतच, आणि सगळ्यांनी तेच वापरायचे. एक जण 'कम' म्हणतो, दुसरा 'इकडं ये गं बाय', तिसरा शिट्टी, अशानं ते कुणाचंच ऐकत नाही. आणि 'ये' म्हटल्यावर आलं की कधीही रागवायचं नाही, ते काहीही करून आलेलं असलं तरी.

कुठं न्यावं, कुठं नेऊ नये

नवख्यांनी सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून करावी. वरपर्यंत रस्ता आहे, पहाटे फिरायला येणारी माणसं असतात, आणि कुत्रं दमलं तर परत फिरणं सोपं. रविवार टाळा. उजाडल्यावर निघा, उन्हाआधी खाली या. अगदी अंधारात मात्र जाऊ नका, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबू नका. अजिंक्यतारा, यवतेश्वर या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे आणि बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. पट्ट्याविना पुढे पळणारं कुत्रं झुडपाआड गेलं तर तुम्हाला कळणारही नाही. बिबट्या दिसलाच तर पाठ करून पळू नका, एकत्र या, कुत्रं आखूड पट्ट्यावर घ्या आणि मागे सरका. वन विभागाचा क्रमांक 1926 फोनमध्ये असू द्या.

किल्ल्यावर आणखी एक त्रास, जो कुणी सांगत नाही: कुसळं. पावसाळा संपला की गवत वाळतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कुसळं कुत्र्याच्या बोटांच्या फटीत, कानात, काखेत शिरतात. त्यांचं टोक असं असतं की ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. घरी आल्यावर दिसली नाहीत तर आठवड्यानं तिथं गळू होतं. त्यामुळे खाली उतरल्या उतरल्या, गाडीत बसायच्या आधी, कट्ट्यावर बसून चारही पायांची बोटं उघडून बघायची. कुत्रं डोकं एकाच बाजूला झटकत असेल तर कानात कुसळ गेलंय असं धरून डॉक्टर गाठा, घरी चिमटा घालू नका. सराट्याचे काटे मात्र हातानं निघतात.

बोगद्यापलीकडचा कुरणेश्वरचा रस्ता झाडीचा आहे, सावली मिळते, लहान फेरीला बरा.

संगम माहुलीला एकदा तरी जा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जी मंदिरं आणि समाध्या आहेत, त्यांत एक समाधी कुत्र्याची आहे. छत्रपती शाहू महाराजांचा लाडका खंड्या. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा साताऱ्यात सांगतात. अठराव्या शतकात ज्या गावच्या राजानं कुत्र्याची समाधी बांधली, त्या गावात आपण कुत्रं घेऊन फिरतो म्हणून लाजायचं काही कारण नाही, असं मी बाबांना ऐकवतो. पण जाताना भान ठेवा: तिथं लोक दहनाला, अस्थी विसर्जनाला, श्राद्धाला आलेले असतात. आखूड पट्टा, गप्प कुत्रं, देवळाच्या आवाराबाहेर. भुंकत असेल तर लांबूनच नमस्कार करून निघा.

आता नकाराची यादी. कास पठारावर फुलांच्या दिवसांत कुत्रं नेऊ नका, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. जांभ्याच्या खडकावर बोटभर मातीच्या थरात ती फुलं उगवतात; एका उकरण्यात सीतेच्या आसवांचा ताटवा जातो. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात 2012 साली कासची नोंद झाली, ती काही कुत्र्याला खड्डे खणायला नाही. आणि कास तलावात कुत्र्याला पोहायला सोडणारे महाभाग आहेत, त्यांना एकच सांगणं: तेच पाणी साताऱ्याच्या नळाला येतं. ठोसेघरला पावसात दगड शेवाळलेले, दरी खोल, गर्दी प्रचंड. नको. लिंबची बारा मोटेची विहीर बघायला जाल तेव्हा कुत्रं गाडीपाशी एकासोबत थांबेल. उत्साही कुत्र्याला विहिरीचा काठ कळत नाही. सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे, भाविकांची रीघ असते, माकडं असतात. माकड आणि लवंगी समोरासमोर आल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही.

आणि मेंढ्या. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे रस्त्यानं जाताना दिसतात. लांबून लोकरीचा ढीग हलताना दिसला की शिकारी रक्ताचं कुत्रं वेडं होतं. वाड्यासोबतची राखणीची कुत्री कुणाला सोडत नाहीत, आणि चूकही त्यांची नसते. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला व्हा, कळप जाईस्तोवर कुत्र्याला गाडीत घ्या.

गाडीचा प्रवास

यवतेश्वरच्या घाटात पिल्लाला उलटी होते. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी मात्र द्या. सुरुवातीला दहा मिनिटांच्या फेऱ्या, शेवटी मजा असलेल्या. नाहीतर गाडी म्हणजे दवाखाना एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. मागच्या सीटवर जुनी गोधडी, हार्नेस सीटबेल्टला अडकवलेला. डोकं खिडकीबाहेर काढून वारं खाणारं कुत्रं फोटोत छान दिसतं, पण समोरच्या ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा डोळ्यात गेला की महिनाभर औषध. काच चार बोटं खाली, तेवढं पुरे.

बंद गाडीत 'पाच मिनिटं' म्हणून सोडू नका, चहा प्यायलाही नाही. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहाएक अंशांनी चढतं आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. आम्ही धाब्यावर पाळी लावतो. एक जण कुत्र्यापाशी झाडाखाली, बाकीचे आत, दहा मिनिटांनी बदल.

ऊन

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर सहल नाहीच. हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंजालाही ठेववत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. अंगाचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं की काळजी. खूप धापा, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत न्या, पोट, मांड्या आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, आणि भिजवत भिजवतच दवाखान्याकडे निघा. तोंडात पाणी ओतू नका. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मार्चपासूनच जपावं लागतं. त्यांना घेऊन किल्ला चढायचा विचार करणाऱ्यांनी आधी स्वतः नाक धरून चढून बघावं.

डब्यात काय

इथं जरा थांबतो, कारण आपल्या भागातल्या जेवणाचा आणि कुत्र्याचा छत्तीसचा आकडा आहे.

आपला सगळा स्वयंपाक कांदा-लसूण मसाल्यावर उभा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत की पूड केलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एकदा चाटल्यानं लगेच काही दिसत नाही म्हणून लोकांना पटत नाही; चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात. म्हणून तांबड्या रश्श्यात बुडवलेली भाकरी, 'थोडंच दिलंय' वालं, बंद. चिकनची शिजलेली हाडं चिरफाळतात आणि आतडं फाडतात. तीही बंद.

आमच्या ग्रुपमधला एक जण सांगलीचा. तो येताना तासगावचे बेदाणे आणतो, किलोनं. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यानं होईल याचा भरवसा नाही. एखाद्याला मूठभरानं काही होत नाही, एखाद्याला चार दाण्यांनी होतं. मागे टार्टारिक आम्ल असावं असं मानतात, म्हणून चिंचेपासूनही लांब ठेवा. भेळेची चिंचेची चटणी त्यात आली. चॉकलेट तर नकोच. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल थोडक्यातही घातक. वर बिअरच्या व्हिडिओचं बोललो, ती दारूही नकोच.

गोड पदार्थांत फसगत होते ती जायफळाची. पुरणपोळी, श्रीखंड, कोजागिरीचं मसाला दूध, सगळ्यात जायफळ. चिमूटभरानं मोठं काही होत नाही, पण पुरणाचा गोळा पळवला तर कुत्रं अस्वस्थ होतं, ठोके वाढतात. कंदी पेढ्याचं विचाराल तर विष नाही, पण साखर-खव्यानं पोट बिघडतं आणि मग घाटात गाडीची काच पूर्ण खाली करावी लागते.

मग द्यायचं काय? ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, बिनमिठाची, चुरून. उकडलेलं चिकन, हाड काढून. उकडलेलं अंडं. ताज्या ताकाचे दोन घोट. गाजर. बिया काढलेलं सफरचंद. सहलीच्या दिवशी नेहमीच्या जेवणाचा अर्धाच भाग सकाळी, बाकी परतल्यावर. पोटभर जेवून लगेच धावणाऱ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो. कारवानची छाती खोलच असते. आम्ही जेवणानंतर दीड-दोन तास तिला बांधून ठेवतो, ती कितीही रडली तरी.

हुरडा आणि आठशे रुपये

डिसेंबर-जानेवारीत मित्राच्या शेतावर हुरडा पार्टी. कुत्र्यासाठी याहून चांगली सहल नाही: मोकळं रान, थंड हवा, रस्ता लांब. पण पोचल्यावर पहिलं काम म्हणजे यजमानासोबत एक फेरी. विहीर कुठं, कोंबड्या कुठं, शेळीची करडं कुठं, उंदरांचं औषध कुठं ठेवलंय, फवारणी कधी झाली. आम्ही पहिल्या वर्षी ही फेरी केली नाही. लवंगी गाडीतून उतरली आणि चौथ्या मिनिटाला गावरान कोंबडा तोंडात घेऊन आली, शेपटी हलवत. यजमानाची आजी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. आठशे रुपये दिले, वर माफी, आणि तो कोंबडा संध्याकाळी आम्हालाच वाढला गेला. घशाखाली उतरेना.

आता शेतावर पंधरा मीटरची लांब दोरी वापरतो. मोकळं धावल्याचं सुख तिला, दुसरं टोक आपल्या हातात. आगटीपासून दोन हात लांब ठेवा. कणीस भाजताना ठिणगी उडते आणि राखेतलं गरम काही पळवायला जाऊन ती तोंड भाजून घेते.

वाढदिवस

आपल्याकडं कुत्र्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, हे पुण्यामुंबईच्या लोकांना खोटं वाटतं. फ्लेक्स लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पार्टीबद्दल मात्र माझी मतं ठाम आहेत. पाच-सहाच माणसं, सगळी ओळखीची. वेळ संध्याकाळी साडेचार-पाच, त्याआधी तासभर दमवून आणलेलं. फुगे नाहीत: फुटले तर घाबरतं, गिळले तर ऑपरेशन. टोपी नाही. दुसरं कुत्रं बोलवायचं तर आधी दोघांना बाहेर, मोकळ्या जागेत, बाजूबाजूनं चालवून आणा, मग घरात. खायच्या ताटल्या वेगवेगळ्या खोल्यांत.

केक घरीच करा. दोन नाचणीच्या भाकऱ्या, मधे उकडून कुस्करलेलं चिकन, वरून घट्ट दह्याचा थर, गाजराचा किस. मेणबत्ती लावायची नाही, शेपटीचा भरवसा नसतो. आई मात्र औक्षण केल्याशिवाय सोडत नाही. लवंगी निरांजनाकडं बघत अर्धा मिनिट शहाण्यासारखी बसते, तेवढ्या वेळात तबक फिरवून लांब न्यायचं, कुंकवाचा बारीक ठिपका कपाळावर. त्या अर्ध्या मिनिटाच्या फोटोत ती देवळातल्या दीपमाळेसारखी शांत दिसते, आणि तो फोटो बघून लोक म्हणतात, 'किती गुणी हो तुमची.'

गणपती, दिवाळी, रंगपंचमी

विसर्जनाच्या मिरवणुकीत कुत्रं नेणं हा मूर्खपणा आहे. आपल्याला डॉल्बीनं छातीत धडधडतं, त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्या दिवशी दुपारीच फिरवून आणा, संध्याकाळी आतल्या खोलीत ठेवा: खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर किंवा टीव्ही चालू, त्याची गोधडी, चावायला काहीतरी. आमच्यात दरवर्षी एक जण पाळीनं घरी थांबतो. त्याच्यासाठी बाकीचे येताना वडापाव आणतात.

दिवाळीत हेच, पण चार दिवस. लवंगी नरकचतुर्दशीच्या पहाटेच दिवाणाखाली जाते आणि भाऊबीजेला बाहेर येते. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं कुणी सांगेल, ते मनावर घेऊ नका. जवळ यायचं असेल तर येऊ द्या, ओढून मात्र बाहेर काढू नका. फार घाबरत असेल तर पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा, त्यासाठी औषधं आहेत. घरातल्या माणसांची झोपेची गोळी अंदाजानं देऊ नका. फिरवायला पहाटे चारला किंवा दुपारी, तेही दोन पट्ट्यांवर, कारण फटाक्याला बिचकून पळालेलं कुत्रं दिशा न बघता पळतं.

किल्ल्याचं सांगायचं राहिलं. पोरांनी अंगणात आठवडा खपून किल्ला केलेला असतो, मोहरी उगवलेली, बुरुजावर मावळे. पहिल्या दिवाळीत लवंगीनं गल्लीतला प्रतापगड एका उडीत सर केला आणि महाराजांना सिंहासनासकट तोंडात धरून घरी आणलं. पोरांची समजूत काढायला आम्ही सहा घोडे चिखल मळत बसलो. किल्ल्याभोवती खुर्च्या आडव्या लावा.

रंगपंचमीला कुत्र्याला रंग लावू नका, ते चाटून पोटात जातं. कुणी लावलाच तर कोरड्या कापडानं झटकून मग कोमट पाण्यानं धुवा, रॉकेल-बिकेल लावू नका.

बिघडलंच तर

पिशवीत कायम असावं: पाणी आणि वाटी, जादा पट्टा, सुती पट्टी आणि चिकटपट्टी, चिमटा, टॉवेल, विष्ठा उचलायला पिशव्या. शेवटची वस्तू विसरणाऱ्यामुळेच बाकीच्यांना 'कुत्री आणायची नाहीत' असं ऐकावं लागतं.

साप चावल्याचा संशय आला, तर बांधू नका, चिरू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून गाडीत, आणि जाता जाताच फोन करून सर्पदंशावरची लस उपलब्ध असलेला दवाखाना विचारा. माणसांसाठीची तीच लस कुत्र्यालाही चालते. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरला की फेसाळ लाळ गळते. तोंड खाली करून बाजूनं पाणी सोडत धुवा, घशाकडं नको. झटके आले तर लगेच डॉक्टर. किल्ल्यावर आग्या मोहोळ दिसलं तर तिथं धूर नको, सेंट नको, भुंकणारं कुत्रं तर नकोच. परत फिरा.

तुमचं कुत्रं कुणाला चावलं, किंवा दुसरं कुत्रं तुमच्या मित्राला चावलं, तर वाद नंतर घाला. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नको. मग सिव्हिलला. भटक्या कुत्र्यांनी घेरलं तर आपलं कुत्रं उचलून डोक्यावर धरू नका, ती तुमच्या अंगावर चढतात. त्याला मागे घ्या, सरळ उभे राहा, खिशातली भाकरी लांब फेका आणि न पळता मागे सरका.

साताऱ्यात शहरात पाळीव प्राण्यांचे डॉक्टर आहेत, आणि मोठ्या तपासण्यांसाठी जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, हे सहलीच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा. नंबर सहाही जणांच्या फोनमध्ये हवा, कारण ज्याच्या फोनमध्ये आहे त्याचीच बॅटरी संपते.

पहिल्या सहलीसाठी माझं ऐकाल तर असं करा. गुरुवारची सकाळ, तुम्ही आणि एकच मित्र, अजिंक्यतारा, अर्ध्या रस्त्यापर्यंत. चाळीस मिनिटं. कुत्र्याला अजून पळायचं असतानाच खाली या. पोवई नाक्यावर चहा घ्यायचा असेल तर एकानं घ्या, एकानं पट्टा धरा.